मधली बैठक फुगली हा

रविवारी सकाळी आमची बेल वाजली की ती कुणी वाजवली हे मी दार न उघडता सांगू शकते. कुरियरवाला बेल दाबून धरतो. इस्त्रीवाला दोनदा दाबतो. घाडीकाका मात्र एकदाच आणि अगदी हळू दाबतात, बटण झिजू नये म्हणून. दार उघडावं तर ते पायपुसण्याच्या पलीकडे उभे असतात. अंगात बनियन, खाली चौकड्यांची हाफ पँट आणि खांद्यावर पंचा.

"बाई, जरा बसाक येतास? मधली बैठक फुगली हा."

नवख्या माणसाला हे चहाचं आमंत्रण वाटेल. तसं ते नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये घाडीकाकांचा तीन माणसांचा कापडी सोफा आहे, शेवाळी रंगाचा. त्याच्या दोन्ही कडांना माणसं बसतात, मधे कुणी बसत नाही. त्यामुळे कडा दबतात आणि मधला भाग वर राहतो. तो खाली आणायला वजन लागतं, आणि ते वजन म्हणजे मी. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याहून वजनदार माणसं आहेत, आमचे सेक्रेटरी शहाभाई तर आहेतच, पण काकांचं मत वेगळं आहे. "तुमचा वजन कसा सगळीकडे सारखा पडता," ते मला एकदा समजावून म्हणाले. "शहाभाईंचा सगळा पुढेच पडता." मी शाळेत गणित शिकवते. वजनाच्या समान विभागणीवर मला इतकं प्रामाणिक प्रशस्तिपत्रक आजवर कुणी दिलेलं नाही. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याशी उगीचच भांडले.

यामागे तत्त्वज्ञान आहे, आणि ते टायरचं आहे. घाडीकाका अंधेरीला एका ट्रकवाल्या कंपनीच्या गॅरेजात होते. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी टायर सोडून दुसरं काही पाहिलं नाही. ठरावीक फेऱ्या झाल्या की पुढचा टायर मागे, मागचा पुढे, डावा उजवीकडे. सगळे सारखे झिजले पाहिजेत, एकालाच सगळा भार नको. ही गोष्ट त्यांच्या अंगात इतकी मुरली की घरातली कुठलीही वस्तू त्यांनी एका जागी सुखाने राहू दिली नाही. जेवणाची ताटं खालची वर, वरची खाली. चपला एक दिवसाआड. पंख्याचासुद्धा एक नंबर, दोन नंबर असा क्रम आहे, म्हणजे रेग्युलेटरच्या एकाच खाचेवर ताण येत नाही. सोफा आला तेव्हा या सगळ्याला एक मध्यवर्ती कार्यालय मिळालं.

आणि सोफ्याची निगा ते खरोखर राखतात, यात शंका नाही. आमच्या आजूबाजूच्या तीन बिल्डिंगा पाडून नव्या उभ्या राहताहेत, त्यामुळे घराघरात सिमेंटची धूळ आहे. तीत काकांचा सोफा स्वच्छ राहतो. रोज सकाळी मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायचा. दर शनिवारी बैठका उलट्या करायच्या, डावी उजवीकडे, उजवी मधे. पावसाळ्यात भिंतीपासून हातभर लांब. थेट ऊन नको, रंग उडतो. बैठकांना गच्चीवर नेऊन सावलीत हवा द्यायची. वास येत असेल तर खाण्याचा सोडा भुरभुरवायचा आणि थोड्या वेळाने झाडून काढायचा. भज्याचं तेल सांडलं तर टाल्कम पावडर. पाठीच्या बाजूला पांढरे रुमाल अंथरलेले, आणि डोक्याला तेल लावून आलेल्या माणसासाठी एक वेगळा टॉवेल. तो टॉवेल माझ्या नवऱ्याच्या, प्रकाशच्या नावाचाच आहे. प्रकाश आत शिरला की काका काही न बोलता तो त्याच्या मानेमागे लावतात. न्हाव्याकडे आल्यासारखं वाटतं, असं प्रकाश म्हणतो.

त्याच प्रकाशने एकदा तिथे चहा सांडला. सवयीने तो रुमालाने खसाखसा पुसायला लागला, तर काकांनी त्याचा हात धरला.

"घासू नको रे. टीप."

"टिपतोच आहे ना काका."

"तू घासतंस. घासलंस की डाग आत जाता नि थंयच संसार मांडता. असो टीप. वरसून दाबूचा, उचलूचा. दाबूचा, उचलूचा."

प्रकाश बराच वेळ दाबत आणि उचलत होता. डाग गेला. पण तेव्हापासून आमच्या घरात आमटी सांडली की प्रकाश मला "घासू नको, टीप" म्हणतो, आणि स्वतः खुर्चीतून हलत नाही.

एवढं सगळं कळत असून काकांच्या हातून चूक झाली नाही असं नाही. आणि झाली ती त्यांच्या लौकिकाला शोभेल अशी झाली. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांनी सोफ्याची कव्हरं धुवायला काढली. कव्हराच्या आत चिठ्ठी शिवलेली होती, थंड पाण्यात धुवा म्हणून. पण त्या आठवड्यात शहाभाईंकडे ढेकूण निघाले होते. काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं, ढेकणांचा विचार केला आणि उकळतं पाणी घेतलं. ढेकूण नव्हतेच, ते मेले नाहीत. कव्हरं मात्र आटली. चेन लागेना.

दुसरा कुणी शिंप्याकडे गेला असता. काकांनी ती ओली कव्हरं तशीच ओढूनताणून बैठकांवर चढवली आणि निष्कर्ष काढला की ओलं कापड माणूस बसला की ताणलं जातं, आणि ताणलेलं वाळलं की तसंच राहतं. त्या दिवशी खाली सोसायटीची वार्षिक सभा होती. जिन्याने उतरणाऱ्या प्रत्येकाला काकांनी अडवलं. "जरा टेकान जावा." मी बसले, प्रकाश बसला, सेक्रेटरी शहाभाई पांढरा लेंगा घालून निघाले होते, तेही बसले. ओल आहे हे बसल्यावर कळत होतं, पण काका समोर हात जोडून उभे. उठणार कसं?

सभेत पहिलाच विषय गच्चीच्या गळतीचा होता. शहाभाई उठून फळ्याकडे वळले. लेंग्याच्या मागच्या बाजूला सोफ्याचा आकार जसाच्या तसा उमटला होता, शेवाळी रंगात. "लीकेज कुठून आहे ते अजून सापडलं नाही," शहाभाई म्हणाले, आणि सभा तिथेच संपली. माणसं हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. शहाभाई चार दिवस काकांशी बोलत नव्हते. पाचव्या दिवशी काका त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, डावी बैठक फुगली हा. शहाभाई गेले. काकांना नाही म्हणता येत नाही, ही आमच्या मजल्याची सामायिक अडचण आहे.

सभेच्या दिवशीच मी काकांच्या घरी जाऊन त्यांना ही सगळी हकिगत सांगितली होती, कारण ते सभेला आले नव्हते. ते हल्ली घर सोडून फार कुठे जात नाहीत. काकी आत असतात.

घाडीकाकींबद्दल सांगायला हवं. पूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय शिजलं आणि कुणाचं कुणाशी बिनसलं, हे आधी काकींना कळायचं आणि मग त्या त्या घराला. दाराशी पाट टाकून, समोर कोलंबी सोलायला घेऊन त्या बसायच्या. जिन्याने जाणारा माणूस दोन वाक्यं बोलल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. सुरुवातीला सगळे बघायला गेलो. शहाळी, मोसंबी, बिस्किटांचे पुडे. पलंगाभोवती उभं राहून हळू आवाजात "कशा होत्या आणि काय झालं" असं बोलायची आपल्याकडे रीत आहे, तसं सगळे बोललो. पंधरवड्याने काकींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काकांनी दाराशी येऊन सांगितलं की तिला कोणी बघायला आलेलं चालत नाही, राग मानू नका. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा लागला. तेव्हापासून काकी कुणाला दिसल्या नाहीत. एक बाई सकाळी येते, बाकी सगळं काका करतात.

सोफ्याची निगा जुनी आहे, पण बसायला बोलावणं हे त्यानंतरचं. आणि त्याचे नियम फार कडक आहेत. तुम्ही आपल्या मनाने बसायचं नाही. "हंय नको, थंय बसा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शाळेत एकदा मुलांना बसवताना माझ्या तोंडून तेच निघालं. सोफा भिंतीपासून हातभर लांब होता, तो सरकत सरकत आतल्या खोलीच्या दाराशी आला. भिंतीत ओल आहे, असं काकांचं म्हणणं. उन्हाळ्यातही. जायला यायला अंग चोरावं लागतं.

दुसरा नियम, मोठ्याने बोलायचं.

"जरा मोठ्यान, बाई. कापड आवाज खाता."

"काका, तुम्ही हातभर अंतरावर आहात. ऐकू येतंय ना?"

"माका येता. पण कापड खाता. अर्धो आवाज फोमात जाता."

गणिताच्या बाईला आवाज वाढवायला सांगावं लागत नाही. साठ मुलांच्या वर्गात मी पंख्याच्या वर आवाज नेते. त्या घरात मी बोलायला लागले की खालच्या मजल्यावरची माणसं टीव्ही बंद करतात असं प्रकाशचं म्हणणं आहे. पण काका खूष. "तुमचो आवाज बरो," असं ते अधूनमधून म्हणतात. आणि मी थांबले की लगेच, "मगे?"

हे "मगे" मला कधी उलगडलं नाही. कारण काकांना बिल्डिंगच्या बातम्यांत काडीचा रस नाही. नावं लक्षात राहत नाहीत. कुणाची सून कुणाची जाऊ, कळत नाही. मी सांगत असते तेव्हा ते बैठकीची शिवण तपासत असतात, कधी डुलकीही काढतात. पण गोष्ट थांबली की डोळे मिटलेले असतानाच विचारतात, "मगे?" माझ्यासारखीच चौकशी शहाभाईंकडे, प्रकाशकडे, इस्त्रीवाल्याकडेसुद्धा. तो बिचारा कपड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन डाव्या बैठकीवर बसलेला मी पाहिलाय.

या सुखाच्या राज्यावर दिवाळीच्या आधी संकट आलं. काका गच्चीवरून बैठका खाली आणताना जिन्यात घसरले. लागलं थोडंच, पण त्यांची मुलगी स्मिता ऐरोलीहून धावत आली आणि तिने जाहीर केलं की हा सोफा जाणार. दुकानात रेक्झिनचा नवा पाहून ठेवलाय, फडक्याने पुसला की झालं, ना धुणं, ना गच्ची. स्मिता स्वभावाने चांगली आहे, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. सत्तरी उलटलेल्या बापाने आजारी आईचं सगळं करून वर सोफ्याला हवा खायला न्यावं, हे कुठल्या मुलीला बघवेल?

काका माझ्याकडे आले. या वेळी ते पायपुसण्यावरून आत आले आणि आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले.

"बाई, तुमी स्मिताक सांगा. माका रेक्झिन नको."

"पण काका, तिचं बरोबर आहे. तुम्ही पडलात."

"पडतलय परत. काय जाता?" मग पंच्याने तोंड पुसून म्हणाले, "रेक्झिन फुगणा नाय. दबणा नाय. त्याच्यार कोण बसलो काय नि नाय बसलो काय, सारखाच. मगे मी कोणाक काय म्हणान बोलवू?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला एकटं वाटतंय. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, आणि मनातल्या मनात मी ठरवलं की सोफा कुठलाही असो, आपण जात राहायचं. पण काकांचे डोळे ज्या तऱ्हेने भरून आले होते ते नुसत्या एकटेपणाचं वाटेना.

रविवारी दुकानाचा माणूस माप घ्यायला येणार होता. स्मिताने मला बोलावून घेतलं. "तुम्ही सांगा ना बाबांना. तुमचं ऐकतात ते." त्यामुळे मी वादात दोन्ही बाजूंची वकील झाले. गेले तर दुकानवाला टेप पसरून उभा, स्मिता कमरेवर हात ठेवून, आणि काका सोफ्याच्या हातावर हात ठेवून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी सवयीने मधे बसले.

शांतता मला सोसत नाही. म्हणून मी कर्णिकबाईंच्या टोपलीची गोष्ट काढली. पाचव्या मजल्यावरच्या कर्णिकबाई भाजीवाल्यासाठी खिडकीतून दोरीने टोपली सोडतात. परवा टोपली वर जाताना दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि मेथीची जुडी काढून घेऊन आत गेला. कर्णिकबाईंनी वरून फक्त हिरव्या बांगड्या पाहिल्या. मी हे सगळं नेहमीच्या आवाजात सांगत होते. दुकानवाला टेप गुंडाळायचं विसरून ऐकत होता. स्मितासुद्धा ओठ दाबून हसायला लागली.

"मगे?" काका म्हणाले.

"मग काय, कर्णिकबाई तरातरा दुसऱ्या मजल्यावर निमकरांकडे उतरल्या. दार उघडलं निमकरांच्या जावेने, आणि हातात हिरव्या बांगड्या."

"जाव नाय ती."

आवाज पडद्याआडून आला. जड, जिभेवर अडखळणारा, पण प्रत्येक अक्षर कळत होतं.

"जाव गावाक गेली. तूच सांगलंस मागच्या रविवारी. ही नणंद. डोंबिवलीची." आणि मग आतून एक विचित्र, खरखरीत आवाज आला. तो काय आहे हे मला पटकन समजलं नाही. काकी हसत होत्या. "मेथी चोरता. बघ गो."

स्मिता मटकन डाव्या बैठकीवर बसली. आईशी ती रोज फोनवर बोलायची, म्हणजे स्मिता बोलायची आणि पलीकडून हूं यायचं. तिने बापाकडे पाहिलं.

काका बैठकीची शिवण चाचपत होते. "बघाक आलेला तिका चलणा नाय," ते खालमानेने म्हणाले. "बसाक आलेला चलता. बसाक आलेली माणसा काय, सोफ्यासाठी येतत. तिच्यासाठी नाय. मगे ती आयकता."

मला उगीचच हसू आलं आणि रडूही आलं. इतके दिवस मी समजत होते की मला वजनासाठी बोलावतात. बोलावत होते आवाजासाठी. फोमात काही जात नव्हतं. सगळं पडद्यापलीकडे जात होतं आणि तिथे कुणीतरी निमकरांच्या जावेची गावाला जाण्याची तारीख लक्षात ठेवत होतं.

स्मिताने डोळे पुसले आणि दुकानवाल्याला विचारलं, "भैया, इसका फोम बदल के मिलेगा क्या? कपडा यही रहेगा."

"मिलेगा ना मॅडम. पण कापड चांगलं ठेवलंय हां तुम्ही."

काकांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की त्याला तिथेच चहा मिळाला.

चहा होईपर्यंत आतून हाक आली. "शैला. हंय ये."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पडदा बाजूला करून मी आत गेले. खोली लख्ख होती. खिडकीतून थोडं ऊन पायथ्याशी आलेलं. काकी उशांना टेकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, तोंड अजून थोडं वाकडं, पण डोळे तसेच, जिन्याने जाणाऱ्याला थांबवणारे. मी उशाशी बसायला गेले तर बाहेरून आवाज आला.

"बाई, थंय नको. पायाकडे बसा. उशाकडची कड दबली हा."

मी पाहिलं. कापसाची गादी, वर स्वच्छ चादर, आणि उशाच्या बाजूला, काकींच्या उजव्या हाताशी, कड चांगली वीतभर खाली गेलेली. एक माणूस रोज तिथेच बसल्याशिवाय गादी अशी बसत नाही. घरातली ताटं, चपला, पंखा, सगळं फिरवणाऱ्या माणसाने हे एवढं तसंच राहू दिलं होतं.

स्मिता माझ्या मागोमाग आली होती. तिनेही पाहिलं. "बाबा, ही गादी का नाही फिरवलीत?"

बाहेर कपबशांचा आवाज थांबला. "असांदे ती," काका म्हणाले. "माज्या मापाची झाली हा."

काकींनी उजवा हात त्या खळग्यावर ठेवला आणि मला पायाकडे बसायची खूण केली. मी बसले. घसा साफ करून नेहमीच्या पट्टीत सुरुवात केली, "तर कर्णिकबाई दारात उभ्या, आणि ती नणंद..."

"हळू बोल गो," काकी म्हणाल्या. "मी काय बहिरी नाय."

त्या घरात पहिल्यांदाच मी आवाज खाली घेतला आणि मेथीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.